इमारत वाचली म्हणजे नेमकं काय वाचलं?

जुन्या इमारतींच्या पुनर्वापरावर कुणी शोधप्रस्ताव लिहायला घेतला की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: जुनी इमारत पाडण्यापेक्षा ती नव्या कामासाठी वापरणं पर्यावरणाच्या आणि वारशाच्या दृष्टीने हिताचं असतं. वाक्य इतकं सरळ दिसतं की गाइडसुद्धा त्याखाली लाल रेघ मारत नाहीत. मग लंडनच्या टेट मॉडर्नचा फोटो येतो. बंद पडलेलं वीजकेंद्र २००० साली कलासंग्रहालय झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि त्याच्या शेजारी मुंबईची एखादी गिरणी, चिमणीसकट.

आज या वाक्याची जरा झडती घेऊ. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आपण लिहीत नाही म्हणून या विषयावरचे बरेच प्रबंध एकमेकांसारखे दिसतात. मी वास्तुकलेचा विद्यार्थी नाही, विज्ञानाचा आहे. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा: 'हिताचं' म्हणजे कशाच्या तुलनेत, कशात मोजलेलं, आणि कुणाच्या हिताचं? हे तीन प्रश्न आरआरसीसमोर कुणीतरी विचारणारच आहे. त्याआधी आपणच विचारलेले बरे.

आधी शब्द नीट करून घेऊ. जीर्णोद्धार म्हणजे इमारत होती तशी दुरुस्त करणं. पुनर्वापर, ज्याला अॅडाप्टिव्ह रीयूज म्हणतात, म्हणजे इमारतीचा सांगाडा ठेवून आतलं काम बदलणं. सूतगिरणीचं ऑफिस होणं, कारखान्याचं वाचनालय होणं. दोन्हींत विटा त्याच राहतात, पण दुसऱ्यात इमारतीचा वापर बदलतो, आणि वापराबरोबर वापरणारी माणसंही बदलतात. हा दुसरा बदल पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिला प्रश्न: कार्बनचा हिशोब

पर्यावरणाचा मुद्दा साधारण असा मांडतात. सिमेंट, स्टील, विटा बनवताना आणि वाहून आणताना कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर पडलेला असतो. याला एम्बॉडीड कार्बन म्हणतात. आपण त्याला 'बांधकामाचा कार्बन' म्हणू. इमारत उभी राहिल्यावर दिवे, पंखे, एसी, लिफ्ट यांसाठी जो जातो तो 'वापराचा कार्बन'. नवी इमारत वापरात काटकसरी असू शकते, पण ती बांधतानाच मोठं कर्ज डोक्यावर घेते. ते फिटायला किती वर्षं लागतील?

गणित सोपं आहे. हे आकडे फक्त समजण्यासाठी मी धरलेले आहेत. समजा नव्या बांधकामाला दर चौरस मीटरमागे ५०० किलो कार्बन लागतो आणि जुनी इमारत सुधारायला २०० किलो. फरक ३०० किलोचा. नवी इमारत वापरात दरवर्षी चौरस मीटरमागे १० किलो वाचवते. म्हणजे ३०० भागिले १०, तीस वर्षं. तोवर जुनी इमारत पुढे.

आता त्यातला एकच आकडा हलवून बघा. जुन्या शेडमध्ये नवा मजला घातला, स्टीलचे खांब टाकले, सगळीकडे काच आणि एसी बसवला, आणि सुधारणेचा खर्च २०० ऐवजी ४५० किलो झाला. फरक उरला ५० चा. पाच वर्षांत नवी इमारत बरोबरीला येते. उलट, वीजच स्वच्छ स्रोतांतून यायला लागली तर नव्या इमारतीची वार्षिक बचत १० वरून ५ वर येईल, आणि पहिल्या उदाहरणातली तीस वर्षं साठ होतील. उत्तर इमारतीच्या वयावर कमी आणि आपण आत किती माल भरतो यावर जास्त अवलंबून आहे.

हे नुसतं कागदी गणित नाही. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्टच्या प्रिझर्व्हेशन ग्रीन लॅबने २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातलं एक वाक्य सगळीकडे फिरतं: तीस टक्के जास्त कार्यक्षम अशा नव्या इमारतीलाही बांधकामाचं हवामानावरचं ओझं भरून काढायला १० ते ८० वर्षं लागतात. प्रस्तावात लोक 'दहा ते ऐंशी' लिहितात आणि पुढे जातात. पण १० आणि ८० यांच्यात एवढी दरी का, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे! आणि त्याच अभ्यासात एक अपवाद नोंदवलाय, जो फारसा उद्धृत होत नाही. गोदामाचं घरांत रूपांतर केलं तेव्हा काही निकषांवर पुनर्वापराचा परिणाम नव्या बांधकामापेक्षा किंचित वाईट निघाला, कारण आत घालावं लागणारं सामान फार होतं. गोदाम म्हणजे मोठा रिकामा हॉल. त्याच्या खोल्या करायच्या तर भिंती, नळ, संडास, खिडक्या सगळं नव्याने आलं. गिरणीची शेडही मोठा रिकामा हॉलच असते. म्हणजे आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण नेमकं आपण गाळतो.

आणखी एक गोष्ट या हिशोबात बहुतेक वेळा सुटते. दुकानं आणि हॉटेलं आतली सजावट दर काही वर्षांनी उखडून नव्याने करतात. फॉल्स सीलिंग, फरशी, पार्टिशन, लाइटिंग, सगळं. बाहेरची भिंत शंभर वर्षांची, आतलं पोट दर पाच-सात वर्षांनी नवं. हा पुन्हापुन्हा होणारा बांधकामाचा कार्बन धरला नाही तर 'भिंत वाचवली' हा दावा कागदावर जितका मोठा दिसतो तितका राहत नाही.

दुसरा प्रश्न: शेड कुणी वाचवली?

आता मुंबईकडे या. गिरण्यांच्या जमिनीचा आकडा साधारण सहाशे एकर, गिरण्या ५८. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर एकेक करून भोंगे बंद पडले. नव्वदच्या दशकात लोअर परळच्या काही आवारांत एक नवीच गोष्ट दिसायला लागली. शेड तशाच, आत मात्र ऑफिसं, दुकानं, बोलिंगचा खेळ. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलचं नाव यात पहिलं येतं. तिथल्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी आजही उभी आहे.

परदेशी जर्नलांच्या भाषेत हे पुनर्वापराचं छान उदाहरण ठरेल. पण ते घडलं का, हे बघायचं तर विटांकडे बघून चालणार नाही, नियमाकडे बघावं लागेल. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनीबद्दल होता. ढोबळमानाने, मोठ्या गिरणीची मोकळी जमीन आणि पाडकामातून मोकळी होणारी जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. पण असलेलं बांधकाम न पाडता आतल्या आत बदल केला तर ही वाटणी लागू होत नव्हती.

म्हणजे शेड ठेवली की जमीन द्यावी लागत नाही. आता सांगा, शेड कशाने वाचली? वारशाच्या प्रेमाने की वाटणी टाळण्याच्या हिशोबाने? दारिल डिमॉन्टे यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात गिरण्यांच्या जमिनीचं हे राजकारण तपशिलात मांडलंय. वास्तुकलेच्या मुलांनीही ते वाचावं, कारण त्यात इमारत ही एका आर्थिक गणितातली एक राशी म्हणून दिसते.

पुढचा भाग तर प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखा आहे. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर गेली, शेड पाडली तरी. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने याला आव्हान दिलं, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. एकच राशी बदलली, बाकी शहर तेच. शेड ठेवण्यातला फायदा संपला, आणि त्यानंतर लोअर परळ, वरळी, परळ या पट्ट्यात शेडच्या जागी टॉवर उभे राहिले.

यातून मी काढतो तो निष्कर्ष असा: नव्वदच्या दशकातल्या त्या शेड हा पुनर्वापराच्या विचाराचा विजय नव्हता. तो नियमाचा उपपदार्थ होता. म्हणून नियम बदलताच तो टिकला नाही. प्रबंधात त्याला 'यशस्वी उदाहरण' म्हणून घालणं म्हणजे सहसंबंधाला कारण समजणं. ही चूक आपण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकतो आणि इमारतींबद्दल बोलताना विसरतो.

आणि एक टोक इथेच बांधून टाकू. वापर बदलला की धोकाही बदलतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. मुद्दा इमारतीच्या वयाचा नाही, वापराचा आहे. पाळीने येणाऱ्या, वाटा पाठ असलेल्या कामगारांसाठी आखलेल्या आवारात रात्री अनोळखी गर्दी यायला लागते तेव्हा बाहेर पडायच्या वाटा, जिने, आगीच्या बंबाचा रस्ता हे सगळं नव्याने मोजावं लागतं. 'सांगाडा भक्कम आहे' हे त्याचं उत्तर होत नाही.

तिसरा प्रश्न: चिमणी उरली, गिरणी उरली का?

गिरणीची शेड ही हुशार रचना होती. छताची करवतीच्या दात्यांसारखी रांग, आणि त्यातली काच उत्तरेकडे. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेकडून येणारा उजेड मऊ आणि एकसारखा असतो. साच्यावर सावली पडत नाही, तुटलेला धागा डोळ्याला दिसतो. आतली हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरडं सूत तुटतं. म्हणजे छप्पर, काच, हवा हे सगळं कामाभोवती बेतलेलं होतं.

अशा शेडमध्ये दुकान आलं की पहिलं काय होतं? उजेड नको असतो, कारण मालावर दिवे मारायचे असतात. दमट हवा तर नकोच. म्हणून उत्तरेची काच झाकली जाते, खाली फॉल्स सीलिंग येतं आणि दिवसाढवळ्या ट्यूब पेटते. इमारतीची सगळ्यात मोलाची, वीज वाचवणारी कल्पना बाद, आणि भिंती मात्र 'जतन'. चिमणीचंही तसंच. बॉयलर गेला, धूर गेला, आता ती खूण म्हणून उभी आहे. खूण असायला हरकत नाही. पण ती कशाची खूण आहे हे तिथे आलेल्याला कळत नसेल तर ती जाहिरातीच्या खांबापेक्षा फार वेगळी राहत नाही.

याच्या शेजारी एक दुसरी इमारत ठेवून बघा. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात पिंपं बनवायचा एक जुना कारखाना होता. सेस्क नावाच्या संस्थेने तो घेतला होता, पाडून नवं केंद्र बांधायचा बेत होता. सेस्क चालते ती व्यापारी आस्थापनांना पगारांच्या प्रमाणात भरावी लागणाऱ्या सक्तीच्या वर्गणीवर. १९७७ मध्ये काम वास्तुविशारद लिना बो बार्डी यांच्याकडे आलं. त्या जागा बघायला गेल्या तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या शेडमध्ये पोरं चेंडू खेळत होती, आयाबाया, म्हातारेकोतारे जमलेले होते. त्यांनी ठरवलं, हे जे चाललंय तेच चालू राहिलं पाहिजे. शेड ठेवल्या, भिंतींवरचा गिलावा काढून विटा आणि काँक्रीट उघडं केलं, आणि मोठ्या हॉलच्या खोल्या पाडल्या नाहीत. आत वाचायची जागा, बसायची जागा, जमिनीतून वळत जाणारा पाण्याचा एक उथळ पाट. शेजारी नाट्यगृह, कार्यशाळा, खाणावळ. शेडचा भाग १९८२ मध्ये लोकांसाठी उघडला, म्हणजे ज्या वर्षी गिरणगावात संप सुरू झाला त्याच वर्षी. पुढे खेळासाठी काँक्रीटचे उंच मनोरे बांधले. जमिनीखालून ओढा जात असल्याने मधली पट्टी मोकळी सोडली आणि मनोरे वरून पुलांनी जोडले.

आधीचं कार्बनचं गणित इथे लावून बघा. हॉलच्या खोल्या केल्या नाहीत म्हणजे आत माल कमी गेला. जागा दुकानांना भाड्याने दिली नाही म्हणजे सजावट वारंवार उखडायची गरज नाही. आणि इमारत वाचवताना तिच्यात आधीच येणारी माणसंही वाचली. सेस्क पोंपेया मला म्हणूनच चांगली वास्तू वाटते. तिचे फोटो सुंदर येतात हे आहेच, पण तिथे बांधायच्या आधी जागेत काय चालतं ते बघितलं गेलं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सेस्ककडे वर्गणीचा पैसा होता, भाडं कमवायची गरज नव्हती. मुंबईच्या खाजगी गिरणीवर कर्जं होती, कामगारांची देणी होती, आणि जमीन देशातल्या सगळ्यात महागांपैकी. तिथे मोफत वाचनालय कोण चालवणार? बरोबर. पण मग तुलना दोन वास्तुविशारदांच्या प्रतिभेची राहत नाही, पैसा कुठून येतो याची होते. आणि हेच तर आपल्या प्रबंधांत नसतं. आपण नकाशे, छेद आणि फोटो छापतो, ताळेबंद छापत नाही. शिवाय मुंबईत वाटणीचा नियम कागदावर होताच. नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनच्या गिरण्यांचा एकत्र विचार करायला १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. पर्याय कुणाला सुचलाच नव्हता असं म्हणायची सोय नाही.

दुसरा आक्षेप: शेड ठेवली असती तर त्या जागेवर टॉवरइतकी माणसं मावली नसती, मग तेवढी घरं आणि ऑफिसं शहराबाहेर बांधावी लागली असती आणि त्यांचा कार्बन वेगळा. हाही खरा. म्हणून 'दर चौरस मीटरमागे' हे एकक पुरत नाही. एकदा दर माणसामागे मोजा, एकदा संपूर्ण जमिनीमागे मोजा, आणि उत्तर बदलत असेल तर ते लपवू नका, तक्त्यात मांडा. एकक बदलल्यावर उलटणारा निष्कर्ष हा कच्चा निष्कर्ष असतो. पण तो उलटतो हे दाखवणं हे पक्कं संशोधन असतं.

तर मग प्रस्तावात काय लिहायचं?

'इमारत वाचली' या एका दाव्याचे मी पाच तुकडे करतो. माल वाचला का, म्हणजे विटा, लाकूड, लोखंड किती टक्के जागेवर राहिलं. रचना वाचली का, म्हणजे उजेड, हवा, उंची यांमागची कल्पना अजून काम करते का. वापर वाचला का, किंवा निदान त्याच्या जवळपासचा काही. माणसं वाचली का, म्हणजे आधी येणाऱ्यांना आजही आत येता येतं का. आणि आठवण वाचली का, म्हणजे इथे काय होतं हे आत आलेल्याला समजतं का. फिनिक्सला पहिल्या निकषावर काही गुण द्यावे लागतील, पाचव्यावर चिमणीपुरते. सेस्क पोंपेयाला पाचांपैकी बहुतेकांवर. तुमची इमारत कुठे बसते ते तुम्ही ठरवा, पण प्रत्येक तुकड्याचा पुरावा वेगळा लागेल एवढं ध्यानात ठेवा.

मालासाठी मोजमाप आणि बिलं लागतील. रचनेसाठी लक्समीटर आणि तापमानाची नोंद, तीही पावसाळ्यात आणि मे महिन्यात दोन्ही वेळा. वापरासाठी परवान्यांचे कागद आणि त्या त्या वर्षीची नियमावली. माणसांसाठी दारावर उभं राहून केलेली मोजणी. आठवणीसाठी मुलाखती, आणि त्यात नमुना बघायचा तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक बघा. साचेखात्यात काम केलेल्या माणसाला शेडचा नकाशा हातात दिल्यावर तो जे सांगेल ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही. ही पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. माल आणि परवाने दहा वर्षांनीही मिळतील. मुलाखती मिळणार नाहीत. फील्डवर्कचा क्रम ठरवताना एवढा एक निकष पुरेसा आहे.

पहिल्या पानावरचं ते वाक्य खोडू नका. त्याच्या पुढे 'जर' लिहा आणि त्या 'जर'च्या अटी भरा. अटी जितक्या नेमक्या, तितका प्रबंध तुमचा.